बाभळीखालचे ढीग

नरसीच्या सडकेवर मी सरकारला फसवलं आणि चोर ठरवलं माझ्या मुकादमाला, सखारामला. हे आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतो.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी सडकखात्याला खडी पुरवणारा गुत्तेदार. स्वतः हातोडा मारत वर आलेला, म्हणून दरासाठी खात्याशी कचाकचा भांडायचो. एका साली त्यांनी माझा दर पाडला. मी म्हटलं — बरं! सडकेच्या कडेला ढीग घालताना आत मुरमाचा उंचवटा करायचा, वरून खडी पसरायची. मापाला ढीग पुरा भरे. सखाराम नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

तपासणी नव्हती का? होती की. खात्याचा म्हातारा तपासनीस यायचा, एखादा ढीग फोडून बघायचा. पण उन्हाची तकलीफ म्हणून सावलीतलाच. टांग्यातून उतरताच विचारायचा, "औंदा सावली कुठं हाय, गुत्तेदार?" मी बाभळीखालचे ढीग निखळ खडीचे ठेवायचो. तेव्हा मनात हसायचो त्याला. आता वाटतं — सावलीच विचारत होता ना तो, की निखळ ढीग कुठं ते?

मग नवा तपासनीस आला. तरणा. बाभळीखाली थांबलाच नाही. भर उन्हातल्या एका ढिगावर काठी टेकवून म्हणाला, "हा फोडा." दोन फावड्यांत लाल मुरूम उघडा पडला.

माझ्या मनात आधी काय आलं? याला सखारामनंच सांगितलं असणार! पुरावा काही नव्हता. आजही नाही.

"हे कुणाचं काम?" तपासनिसानं विचारलं.

सखाराम माझ्याकडं वळला. "मालक, तुमीच तर—"

अशी थोबाडीत ठेवून दिली की त्याचं मुंडासं मुरमात पडलं. "हरामखोरा, माझं खाऊन माझ्याच ढिगात माती घालून राहिला?" माझा राग साऱ्या तालुक्याला ठाऊक. त्या दिवशीही होताच. पण हात उचलला तो त्याचं वाक्य तोडायला.

"एवढा चिडणारा माणूस चोर नसतो," तपासनीस माझ्यादेखत म्हणाला. सखारामला काढलं. गुत्तं माझंच राहिलं. पुढं कुण्या गुत्तेदारानं त्याला दारात उभं केलं नाही. वसमतच्या बाजूला नवराबायको दगड फोडताना दिसले म्हणे. मी गेलो नाही. तो तिथं कुणाला काय सांगत असेल — एवढीच धास्ती.

दर पाडणाऱ्यांवर माझा राग अजून आहे. सावली विचारणाऱ्यावरही आहे. आणि त्या तरण्या साहेबानं ढीग फोडला, मग मला का नाही फोडलं? सखारामला पुरतं बोलू का नाही दिलं? कुणीतरी याचा जबाब द्यायलाच हवा. त्यांचा त्यांनी द्यावा. माझा हा — त्याचं वाक्य मीच पुरं करतो.

"मालक, तुमीच तर भरायला लावलं."

व्हय. मीच.