आठ दिवस कुठे होतात?

"मॅक्युला ऑफ आहे," डॉक्टर म्हणाले. मला नाही, शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला. मग कपाळावरचा दिवा वर सारून माझ्याकडे वळले. "आठ दिवस कुठे होतात तुम्ही?"

कुठे होतो? त्यांच्याच दाराशी होतो. खिडकीसमोर, बाकावर, ज्या दारावर 'रेटिना' लिहिलंय त्या दाराबाहेर होतो. आज हे लिहितोय ते त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्यांना पुढेमागे असंच बसावं लागेल त्यांनी वाचावं.

आधी आजार सांगतो. त्याचं नाव रेटिनल डिटॅचमेंट. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा चिकटलेला असतो, तो रेटिना. त्याला भोक पडलं की डोळ्यातलं पाणी त्या भोकातून मागे शिरतं आणि पडदा सुटत जातो, ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटतो तसा. पडद्याच्या मधोमध एक छोटी जागा असते, मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं तिच्या जोरावर. ती सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर बहुतेक वाचते. ती सुटल्यावर पडदा परत चिकटवता येतो, पण नजर पूर्ण परत येईल असं कोणी सांगत नाही. 'मॅक्युला ऑफ' म्हणजे ती सुटली.

माझी सुटली तेव्हा मी सरकारी बाकावर बसलो होतो.

मी जाम गावच्या चौकात जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करतो. सुरुवात गॅरेजमध्ये पाने धुण्यापासून केली. कोणी हात धरून शिकवलं नाही. चेसीवर रंगाखाली दडवलेलं वेल्डिंग मी उजवा डोळा बारीक करून ओळखतो, आणि तिथून भाव पाडायला सुरुवात करतो. तोच डोळा गेला.

मंगळवारी सकाळी दुकानात बसलो असताना उजव्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. मग काळे ठिपके तरंगू लागले, जणू कोणी डोळ्यात जळकं ऑइल शिंपडलं. दुपारी खालून एक सावली आली. दुकानासमोर माझा एक लाल ट्रॅक्टर कित्येक महिने गिऱ्हाईकाविना उभा आहे. डावा डोळा झाकून नजर त्याच्या स्टेअरिंगवर ठेवली, तर पुढची चाकं दिसत नव्हती.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे डोळ्यांचा वार गुरुवार. म्हणजे मंगळवारी डोळा बिघडला तर तो बिघडणाऱ्याचा दोष. पण एक तरुण डॉक्टरीण होती, बहुतेक नुकतीच शिकून आलेली. तिने टॉर्च मारला, दोन प्रश्न विचारले आणि चिठ्ठी लिहिली. "काका, हे पडद्याचं असू शकतं. मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. आजच जा."

आता माझी अक्कल ऐका. माझ्या धंद्यात 'आजच' हा शब्द मी स्वतः दिवसातून दहा वेळा वापरतो. 'आजच उचला, उद्या वडनेरचं गिऱ्हाईक येणार आहे.' कोणीच येणार नसतं. तीस वर्षं हा शब्द विकणाऱ्या माणसाला तो दुसऱ्याच्या तोंडून खरा वाटत नाही. मी मान हलवली, चिठ्ठी खिशात घातली आणि दुकानात परत आलो. बुधवारी एका माणसाला ट्रॅक्टरमागे जोडायचा रोटाव्हेटर दाखवायचा होता. दाखवला. त्याने घेतला नाही.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "डॉक्टरनं आजच जा सांगतलं होतं ना? तुमी काऊन थांबले?"

"दवाखानेवाले घाबरवतात," मी म्हणालो.

एक दिवस माझ्या नावावर. तो मी नाकारत नाही. बाकीचे त्यांच्या नावावर.

खाजगीत का गेलो नाही, असं लोक विचारतात. पडद्याची मशिनं आमच्या भागात गल्लोगल्ली नाहीत. आणि जे माझ्या हक्काचं आहे ते दुसऱ्या दुकानातून विकत आणायचं म्हणजे मला हरल्यासारखं वाटतं. हा माझा स्वभाव. त्याची फळं पुढे येतीलच.

गुरुवारी आम्ही दोघं एसटीने निघालो, कारण एका डोळ्याने गाडी चालवायची माझी हिंमत नव्हती. बसने वाटेत वेळ खाल्ला. आम्ही पोचलो तेव्हा पर्चीच्या खिडकीतला माणूस फळी लावत होता.

"बारा वाजले. खिडकी बंद."

"भाऊ, जामवरून आलो. पाच मिनिटं झाली फक्त."

"मंग पाच मिनिटं आधी याचं होतं. उद्या येजा."

फळीमागे तो डबा उघडून जेवायला बसला. फटीतून भाजीचा वास येत होता. माणसाने जेवू नये असं मी म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या दवाखान्यात दाराशी आलेल्या माणसाला 'काय झालं' असं विचारणारं एक तोंड नसावं? बैलाच्या बाजारातसुद्धा दात बघतात.

शुक्रवारी उजाडताच निघालो. पर्ची मिळाली. एका सिस्टरनी डोळ्यात थेंब टाकले, त्याने बाहुली मोठी होते आणि आतलं दिसतं. मग तीन तास बाक. शेवटी एक शिकाऊ डॉक्टर. थकलेला, समोर रांग दारापर्यंत. डावा डोळा झाकून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मी शेवटची ओळ धडाधड वाचली.

"वा. दिसतं की छान," तो म्हणाला.

"दिसतं ना," मीही म्हणालो.

तालुक्याची चिठ्ठी पुढे केली, पण सावलीचं बोललो नाही. बोललो ते फक्त बंद पंख्याबद्दल, रांगेत घुसणाऱ्यांबद्दल आणि कालच्या फळीबद्दल. ते मात्र भरपूर.

पडदा बघायला कपाळावर बांधायचा एक दिवा लागतो. त्याला इनडायरेक्ट म्हणतात. तो घेऊन डॉक्टरने बटण दाबलं. उजेड नाही.

"बल्ब गेलाय. मागणी पाठवलीय."

"कधी?"

"मी यायच्या आधीपासून."

"नंबर सांगा. आत्ता चौकातून आणून लावून देतो."

"बाहेरचा लावता येत नाही, काका."

हसावं की टेबल उलटावं? माझ्या दुकानात बल्ब गेला म्हणून कधी कोणत्या गिऱ्हाईकाला परत पाठवलं नाही. इथे माणसांचे डोळे तपासायचं दुकान, आणि दिव्यात उजेड नाही. वर सांगतात, मागणी पाठवलीय! कागद पाठवला की यांचं काम संपतं. मग तो कागद कोणत्या टेबलावर म्हातारा होतो हे कोणाच्या बापाला माहीत नसतं.

त्याने पर्चीवर लिहिलं: रेटिना ओपीडी, सोमवार.

"सोमवार? आज शुक्रवार आहे!"

"सर सोमवारीच बसतात."

मी उठलो. मोठ्याने चार शब्द ऐकवले आणि निघालो, पण हळूहळू. सौदा तुटला की मी असाच निघतो. दहा पावलं टाकायची, चप्पल घासत. समोरचा हाक मारतोच. 'या हो, बसा तर.' आयुष्यभर मारली आहे लोकांनी. मी फाटकापर्यंत गेलो. फाटकाबाहेर गेलो. बसस्टॉपवर उभा राहिलो. कोणी हाक मारली नाही.

"कोणाची वाट पाहून राह्यले?" सुनंदाने विचारलं.

मी एसटी येते का ते बघू लागलो.

शनिवारी आणि रविवारी मी दुकानातून ट्रॅक्टर बघत होतो. सावली बोनेटवर चढली. रविवारी संध्याकाळी स्टेअरिंगच्या बोटभर खाली होती.

सोमवारी नऊ वाजता रेटिनाच्या दाराबाहेर पहिला नंबर माझा. समोरच्या भिंतीवर नेत्र तपासणी शिबिराचं मोठं पोस्टर. डावा डोळा झाकून ते बघायचा मला चाळाच लागला. साडेनऊला खालची बारीक अक्षरं नव्हती. दहाला पुढाऱ्यांचे जोडलेले हात गेले. त्यानंतर मी ज्या चेहऱ्याकडे बघे तो हनुवटीपासून पुसला जायचा. साडेअकराला एकही पुढारी उरला नाही. एरवी मला आनंद झाला असता.

बारा वाजता शिपाई आला. "सर शिबिराले गेले. आता पुढच्या सोमवारी या."

म्हणजे ज्यांच्या दारात डोळा घेऊन बसलो होतो, ते दुसऱ्या गावी लोकांना 'डोळ्यांची काळजी घ्या' सांगायला गेले होते. तेही पोस्टर लावून, माझ्या नाकासमोर.

मी ओरडलो. कर भरतो म्हणालो, पेपरात देतो म्हणालो, ओळखीच्या नसलेल्या माणसांची नावं घेतली. शिपाई खांद्यावरचा रुमाल नीट करत उभा राहिला. त्याने यापेक्षा चांगली भाषणं ऐकली असणार. मग मी निघालो. तीच दहा पावलं.

"ओ काका! थांबा."

मागून थेंब टाकणाऱ्या सिस्टर येत होत्या. पन्नाशीच्या, हातात कापसाची डबी तशीच. पण त्या आल्या होत्या माझ्या ओरडण्याने नाही, सुनंदाच्या बोलण्याने. सुनंदा बाकावरून उठलीच नव्हती. तिने त्यांना एवढंच सांगितलं होतं, "बाई, यांच्या डोळ्यावर सावली आहे. रोज वर चढून राह्यली."

"किती दिवसांपासून?" सिस्टरनी मला विचारलं.

"मंगळवारपासून."

"शुक्रवारी डॉक्टरले सांगतलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"काऊन नाई सांगतलं?"

काय सांगणार होतो? गरज दाखवली की भाव वाढतो, एवढंच मला येतं. घर चालवायला विकतोय असं एकदा समोरच्याला कळलं की तो मान दाबतो. म्हणून मी पोटात दुखलं तरी चेहऱ्यावर आणत नाही.

"पंखा सांगतला, रांग सांगतली, बारा वाजेची खिडकी सांगतली," सिस्टर म्हणाल्या. "सारा दवाखाना डोक्यावर घेतला तुमी. आन् जे सांगाचं तेवढं खिशात ठेवलं!"

तीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. बोललं असतं तर मी ऐकलं नसतं. त्यांनी तिथेच उभ्यानं फोन लावला. "सर, वरचा पडदा सुटत आलेला पेशंट आहे, आता मधलंही जातंय. नाही सर, सोमवारपर्यंत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, घरून स्वतःचा दिवा घेऊन. त्यांनी मला विचारलेला प्रश्न वर लिहिलाच आहे.

बुधवारी ऑपरेशन झालं. त्याला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. डोळ्यातला जेलीसारखा गर काढतात, पडदा बसवतात आणि तो दाबून ठेवायला सिलिकॉनचं तेल भरतात. मग कित्येक दिवस पालथं राहायचं, मान खाली. जेवताना, बसताना, झोपताना. सुनंदा ताट जमिनीवर ठेवायची. मला फक्त लोकांच्या चपला दिसायच्या. सर राउंडला आले की त्यांचे बूट ओळखायचो. डॉक्टरचा हात चांगला होता, हे मी मोकळेपणाने लिहितो. ज्या हाताला एवढं येतं त्याला आठवड्यातून एक वार आणि बिनबल्बचा दिवा देणाऱ्यांबद्दल जे वाटतं, ते छापता येणार नाही.

पुढे तेल काढलं. पडदा चिकटून आहे. उजव्या डोळ्याने माणूस दिसतो, चेहरा नाही. सरळ रेघ मधून वाकते. चेसीवरचं वेल्डिंग आता डाव्या डोळ्याने शोधतो आणि हात फिरवून खात्री करतो.

तालुक्याच्या त्या डॉक्टरणीला भेटून आलो. म्हणालो, "बाई, तू खरं बोलली होतीस." ती लाजली. मग म्हणाली, "आता लिहिते तेव्हा 'आजच'च्या खाली दोन रेघा मारते." व्यवस्थेत सुधारणा म्हणाल तर एवढी झालेली मी पाहिली. दोन रेघा.

तुम्हाला वीज चमकली, ठिपके आले, सावली आली, तर त्याच दिवशी जा. खिडकीवरच सांगा, मोठ्याने सांगा. तिथे कोणी विचारणार नाही. विचारणं त्यांचं काम आहे, आणि ते करत नाहीत हा त्यांचा गुन्हा मी माफ केलेला नाही. पण त्यांच्या गुन्ह्यात मी माझं मौन घातलं. भागीदारी झाली आमची. डोळा माझा गेला.

मागे चष्म्याच्या नंबराच्या तपासणीला गेलो होतो. बुधवार होता. माझ्या पुढे समुद्रपूरकडचा एक म्हातारा, पांढरी टोपी, एकटाच. शिपाई त्याला म्हणाला, "बाबाजी, रेटिना सोमवारी." म्हातारा म्हणाला, "बरं बापा, येतो सोमवारी," आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला. ना तक्रार, ना आवाज. मी त्याचा दंड धरला.

"बसा. काय दिसत नाही ते सांगा."

"तसं दिसते सारं."

"खालून काळं येतं?"

तो परत बाकावर टेकला. मग हळूच म्हणाला, "कालपासून. तुले कसं माहीत?"

मी त्याला हाताला धरून थेंबांच्या टेबलाशी नेलं. सिस्टरनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, की हा आता कशावरून भांडणार.

"सिस्टर," मी म्हणालो, "हे सोमवारचे नाहीत. आजचे आहेत."

त्यांनी फोन उचलला.