क्लेम पेथरिकचं नाक

क्लेम पेथरिकला ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातल्या आमच्या टँबरी गावात सगळे 'सूर्याचा मुनीम' म्हणत, अर्थात पाठीमागे; उन्हाचा सगळा हिशेब जणू ह्याच्याच वहीत. तोंडावर म्हणण्यात मजा नव्हती, कारण त्याला ते कौतुकच वाटलं असतं.

गावाच्या तोंडाशी त्याचा पेट्रोल पंप, आणि समोर माझी बेकरी. त्यामुळे त्याची बडबड मला रोज फुकट ऐकावी लागे. थंडीत दक्षिणेकडच्या गार राज्यांतली म्हातारी जोडपी गाडीमागं कॅरॅव्हन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत ऊन खायला यायची. ती पेट्रोलला थांबली की हा पाइप गाडीला लावायचा आणि सुरू व्हायचा. "व्हिक्टोरिया का? आमच्या क्वीन्सलँडमध्ये ते सात वेळा मावेल! टास्मानिया? ते तर आम्ही कुठंतरी ठेवून विसरून जाऊ!" जणू एवढं मोठं राज्य ह्यानंच फावड्यानं पसरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात त्यानं राज्य पाहिलं होतं ते पंपापासून गुरांच्या बाजारापर्यंत. साठी उलटली तरी समुद्र पाहिला नव्हता.

टोपी तो घालत नसे. "टोपी पाहुण्यांनी घालावी. आमची कातडी इथलीच आहे," म्हणायचा. वर्षातून दोनदा कातडीची डॉक्टरीण विमानानं यायची, उन्हानं उठलेले डाग तपासून कापून घ्यायला दवाखान्यासमोर रांग लागायची, तेव्हा हा पंपावरून ओरडायचा, "चालले बघा बटाटे सोलून घ्यायला!"

त्याच्या स्वतःच्या नाकावर खपली होती. ती पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. त्याची बायको नोला एकदा पाव घेताना म्हणाली, "शर्ली, अगं, उशीला रोज डाग. बोलले तर म्हणतो, डास चावला."

"दोन वर्षं एकच डास?"

"तेच म्हटलं मी. तर जेवण टाकून उठला."

पुढच्या खेपेला डॉक्टरीण दवाखान्याच्या गाडीत पेट्रोल भरायला आली. तिनं क्लेमच्या नाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी येऊन दाखवा."

"मॅडम, तीन पिढ्या उन्हात भाजलेलं नाक आहे हे!"

"म्हणूनच म्हणते."

तो गेला नाही. नाक घाबरत नव्हतं, नाकाचा मालक घाबरला होता. रांगेत उभं राहिलं तर इतकी वर्षं ज्यांना बटाटे म्हटलं ते काय म्हणतील, ही भीती. एवढ्याशा भीतीपायी माणूस तोंडावरचं नाक सडू देतो, ह्याला काय म्हणावं!

उन्हाळा सरेपर्यंत खपलीच्या जागी खड्डा पडला. मग नोलानं त्याला न विचारता तिकिटं काढली आणि आमच्याच राज्यातल्या, किनाऱ्यावरच्या केर्न्स शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. क्लेमनं गावात सांगितलं, "मासे पकडायला चाललोय." ज्यानं जन्मात बेडूक पकडला नव्हता!

किनाऱ्यावर ह्याला पाऊस भेटला. केर्न्सजवळ नोलाची बहीण राहते, उसाच्या पट्ट्यात. तिथं दोरीवरचे कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि चपलांना बुरशी येते. नोला फोनवर सांगत होती, "खिडकीत बसून पावसाला शिव्या देतो गं. म्हणतो, हे क्वीन्सलँड नव्हेच, आपल्याला दुसरीकडेच आणलंय."

खपली कातडीच्या कॅन्सरची निघाली. डॉक्टरांनी डावी नाकपुडी कापून काढली आणि कपाळाची कातडी वळवून तिथं शिवली. जीव वाचला. महिन्याभरानं क्लेम परतला, एकटाच. नोला म्हणाली होती, "तू जा पुढं. मला इथं बरं वाटतंय."

पंपावर पहिल्याच दिवशी म्हातारा अर्नी आला. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरलेला माणूस, जिभेनंही कातरायचा.

"काय रे झालं नाकाला?"

"मासा. गळ उलटून बसला."

"केवढा होता मासा?"

क्लेमनं दोन्ही हात पसरले.

"अरेरे," अर्नी म्हणाला. "एवढ्या मोठ्या जिवाचं अर्ध्या नाकानं काय भागलं असणार!"

मी काउंटरमागे खाली बसून हसले. वर उठून पाहिलं, तर क्लेम पाठ फिरवून आधीच पुसलेली काच पुसत होता. तेव्हा क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. पंपाच्या वर राहायला त्याच्या दोन खोल्या, त्यात नोला नाही, आणि बोलायला फक्त गिऱ्हाइकं.

पण तो क्षणच. महिना गेला नाही तोच गडी परातीएवढी टोपी घालून शाळेच्या फाटकाशी उभा. "ए पोरांनो, टोप्या कुठायत? अकला नाहीत का तुम्हाला? इथल्या उन्हाला कुणी ओळखत असेल तर ते मी!" पोरांच्या डोक्यावर टोप्या होत्याच. कित्येक वर्षांपासून असतात, शाळेचा नियमच आहे.

गेल्या आठवड्यात त्यानं मला विचारलं, "शर्ली, नोलाचा काही फोन?"

"आला होता. बरी आहे."

"परत कधी येते म्हणाली?"

"तसं काही बोलली नाही."

पावाची पिशवी काखेत मारून तो दारापर्यंत गेला. तेवढ्यात व्हिक्टोरियाची नंबरपाटी लावलेली कॅरॅव्हन पंपावर वळली. त्यानं टोपी नीट केली आणि लगबगीनं रस्ता ओलांडला.