बुजगावण्याचं पान

अस्मिता चांगली मुलगी होती, हीच तर पंचाईत होती. उद्धट असती, आळशी असती, निदान रिकाम्या हाताने आली असती, तर विभाला तिचा मोकळेपणाने राग करता आला असता. पण ही बया दर शनिवारी दुपारी तीनच्या ठोक्याला यायची, दारात बूट बाहेरच्या दिशेला फिरवून जोडीने ठेवायची, जुईसाठी गोड सारणाचा पाव आणायची आणि जाताना सगळ्यांचे कप धुऊन पालथे घालायची. अशा माणसाचा मत्सर करणं म्हणजे फार कष्टाचं काम. विभा ते नेटाने करत होती.

विभा चाळिशीची. लग्नाआधी चिंचवडच्या एका मराठी शाळेत तिसरीच्या मुलांना शिकवायची. नरेंद्रला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कंपनीने तोक्योला पाठवलं तेव्हा ती दोन वर्षांसाठी म्हणून आली, त्याला आता बारा वर्षं झाली होती. एदोगावातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली उभी केलेली सायकल, सायकलवर दहा मिनिटांचं सुपरमार्केट, आणि तिथे सकाळचे चार तास बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम. तळणाच्या काउंटरमागे उभं राहून ती बटाट्याचे कोरोक्के तळायची. बारा वर्षांत हजारो तळले असतील, पण यात हिरवी मिरची का घालत नाहीत, हा प्रश्न तिला रोज पडायचा. जपानी बोलणं तिचं कामापुरतं होतं. ‘गरम आहे, सांभाळा’, ‘पिशवी हवी का’, ‘थांबा, विचारून येते’. वाचण्याची मात्र बोंब. त्या कानजी अक्षरांपुढे ती कितीदा तरी वही घेऊन बसली आणि कितीदा तरी वही मिटून उठली.

मुलगी जुई दहा वर्षांची, जवळच्याच जपानी शाळेत चौथीत. आईने मराठीत विचारायचं, मुलीने जपानीत उत्तर द्यायचं आणि दोघींनी एकमेकींना अंदाजपंचे समजून घ्यायचं, अशी घरातली रीत. फक्त एका ठिकाणी दोघींचं सूत पक्कं जुळायचं, ते शनिवारच्या पत्त्यांच्या डावात.

खेळ बागेचा होता. सुरुवातीला प्रत्येकाला सारखीच दहा पानं मिळायची: सात पाण्याची, तीन तणाची. पाण्याची पानं उतरायची, त्या बदल्यात टेबलावर मधोमध मांडलेल्या पानांच्या बाजारातून झाडं घ्यायची, ती आपल्या गड्डीत मिसळायची आणि पिसून पुन्हा पाच पानं हातात घ्यायची. अशी एकेकाची गड्डी वाढत जायची आणि शेवटी ज्याची बाग सरस तो जिंकायचा. पाऊण तासाचा साधा खेळ. त्यातली दुष्ट पानं फक्त कावळ्यांची, तीही बाजारातूनच घ्यायची. एकाने कावळा उतरला की बाकी सगळ्यांच्या गड्डीत एकेक तण यायचं, आणि तणाने भरलेली गड्डी म्हणजे हातात नुसता कचरा. कावळ्यावर उतारा म्हणजे बुजगावणं. ते पान साऱ्या खेळात एकच.

पानांवरचा मजकूर अर्थातच जपानी. म्हणून तीन वर्षांपूर्वी, सात वर्षांच्या जुईने प्रत्येक पानाच्या पारदर्शक पाकिटात आईसाठी मराठी चिठ्ठी सरकवली होती. ‘दोन पान ओढ.’ ‘एक पानी जास्ती.’ तणाला तर सगळीकडे ‘तन’. एके काळी पोरांच्या वह्या लाल शाईने रंगवणाऱ्या विभाने त्यातलं एकही अक्षर सुधारलं नाही. जुईने आपणहून लिहिलेलं मराठी जगात तेवढंच होतं. आणि बुजगावण्यावर लिहिलं होतं, ‘हे तुझाकडे आलं की कावळा तुला काही करनार नाही.’

त्यामुळे विभाची खेळायची पद्धत ठरलेली. पहिल्या संधीला बुजगावणं घ्यायचं, चहाच्या कपाला टेकवून समोर उभं करायचं आणि मग निवांत झाडं लावत बसायचं. बापलेकींमध्ये कावळ्यांचा धुमाकूळ चालायचा आणि विभाची बाग फुलत जायची. दहातले सहा-सात डाव तिचेच. “हिच्या हाताला गुण आहे,” नरेंद्र म्हणायचा. विभाला ते मनापासून पटायचं.

अस्मिता ही नरेंद्रच्या कॉलेजातल्या मित्राची धाकटी बहीण. वय सव्वीस, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करायला आलेली, आणि येण्याआधीच पुण्यात जपानीच्या वरच्या परीक्षा देऊन मोकळी झालेली. “एकटी पडली असेल बिचारी, बोलावू या शनिवारी,” असं म्हणणारी विभाच. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो तो असा, हौसेने.

पहिल्याच शनिवारी अस्मिताने एक पान उचललं, खालच्या बारीक अक्षरांतली ओळ वाचली आणि खुदकन हसली. प्रत्येक पानाखाली म्हणे असा एकेक विनोद लिहिलेला होता. मग जुईने दुसरं पान वाचलं, अस्मिताने तिसरं, आणि दोघी चटईवर लोळून हसल्या. विभाही हसली, कशाला हसतोय ते न कळता. मग तिच्या लक्षात आलं, की गेली तीन वर्षं हे विनोद तिच्या हातात होते आणि जुईने ते तिला कधी सांगितलेच नव्हते. त्या क्षणापासून अस्मिता तिच्या डोळ्यांत खुपायला लागली.

पुढचे तीन शनिवार विभाने नुसती धुसफूस केली. अस्मिता तिला काकू म्हणायची आणि जुई अस्मिताला ताई. या हिशेबाने आपण एका दिवसात एक पिढी वर ढकलले गेलो, याचाही तिला राग आला. “शनिवारी लॅबला सुट्टी असते होय गं तुझ्या?” असं तिने दोनदा विचारून पाहिलं. जुईसाठी केलेल्या साटोऱ्या अस्मिता आल्याबरोबर डब्यात घालून डबा फळीवर चढवला. आणि जुईने तो स्टुलावर चढून काढला, अस्मिताला द्यायला. विभाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण सगळ्यांत जास्त तिला जाळायचं ते जुईचं तोंड. अस्मितावर कावळा सोडताना पोरगी डोळे बारीक करायची, खालचा ओठ दातांत धरायची आणि पान असं आपटायची की कपातला चहा हलायचा. अस्मिताही सोडायची नाही, पुढच्या हाताला फेड करायची. मग जपानीतून बाचाबाची, आरडाओरडा, हसणं. पोटच्या पोरीचं हे तोंड विभाने कधी पाहिलंच नव्हतं. आईबरोबर खेळताना जुई शहाण्यासारखी, शांत खेळायची. माझी म्हणून राहिलेली एवढी एक गोष्टही ही मुलगी घेऊन चालली, असं विभाला वाटायचं आणि तिला झोप यायची नाही.

पाचव्या शनिवारी तिने बंदोबस्त केला. जुई आणि अस्मिता एका बाजूला बसायच्या, त्या दोघींच्या मधोमध विभा स्वतःची उशी टाकून बसली. “मला इथून उजेड बरा पडतो,” असं म्हणाली. फेब्रुवारीतली चार वाजताची ती उन्हं सगळ्या खोलीत सारखीच पडली होती, पण तिला कोण बोलणार?

डाव सुरू झाला. विभाने रिवाजाप्रमाणे बुजगावणं घेतलं, कपाला टेकवलं. थोड्या वेळाने अस्मिताने कावळा उतरला. नरेंद्रने तण घेतलं, जुईने तण घेतलं, विभाने बुजगावण्यावर बोट ठेवलं.

इतके दिवस अस्मिता टेबलाच्या पलीकडच्या टोकाला असायची. आज ते पान तिच्या नाकासमोर होतं.

“काकू, हे हातात असायला लागतं ना?” ती म्हणाली. “खाली ठेवलेलं नाही चालत.”

“आमच्याकडे चालतं,” विभा म्हणाली.

“नाही, म्हणजे इथे लिहिलंय की हातात असेल तेव्हाच दाखवायचं, त्या एका कावळ्यापुरतं. मग ते टाकून द्याय...”

“अस्मिताताई!” जुई विभाच्या पाठीमागून जवळजवळ ओरडली. मग दबक्या आवाजात भराभर काहीतरी जपानीत. विभाला त्यातला एकच शब्द कळला, ‘नाइशो’. गुपित. जुई बालवाडीत होती तेव्हापासून हा शब्द तिला येत होता.

अस्मिताचा चेहरा पडला. “सॉरी काकू, माझंच चुकलं. जुन्या खेळात तसं असेल. तुमचं बरोबर आहे.”

एवढी हुशार मुलगी, पण खोटं मात्र तिला धड बोलता येत नव्हतं. नरेंद्र उठून चहा टाकायला गेला. चहा कुणी मागितला नव्हता.

या दोघींमध्ये आता गुपितंही आहेत, आणि ती माझ्यापासून लपवायची आहेत! तिने बुजगावणं उचललं आणि जुईसमोर धरलं. “काय लिहिलंय यावर? तू लिहिलंस ते नको. छापलेलं वाच.”

जुईने वाचलं. मग मान खाली घालून, एकेक शब्द शोधत, मराठीत सांगितलं. अस्मिता म्हणाली होती तेच.

“मग तू वेगळं का लिहिलंस?”

“तू रडलीस,” जुई म्हणाली. “तेव्हा. पहिल्या दिवशी. मी कावळा टाकला, बाबाने टाकला, परत मी टाकला. मग तू रडलीस.”

विभाला तो दिवस लख्ख आठवला. सकाळी कामावर नव्या लेबलांची सूचना तिला वाचता आली नव्हती आणि तिने चाळीस पाकिटांवर भलतीच लेबलं चिकटवली होती. मॅनेजर एक शब्दही बोलला नव्हता. तिच्या शेजारी उभा राहून त्याने चाळीसच्या चाळीस लेबलं नखाने सोलून काढली होती. संध्याकाळी घरी नवा खेळ, न वाचता येणारी पानं आणि ओळीने तीन कावळे. तिने डोळे पुसत, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं. सात वर्षांच्या पोरीला ते पटलं असेल, असं ती तीन वर्षं समजत होती.

“तुला माहीत होतं?” तिने स्वयंपाकघराकडे बघून विचारलं.

“अगं, खेळच तर आहे,” नरेंद्र तिकडून म्हणाला.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दहातले ते सहा-सात डाव तिला बक्षीस मिळाले होते. हाताचा गुणबिण काही नाही. घरातली दोन माणसं तिला तळहातावरच्या फोडासारखी जपत होती, आणि त्यातलं एक माणूस सात वर्षांचं होतं. विभाला शरमेने कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. आणि त्याच वेळी अस्मिताचा मत्सर पूर्वी कधी नव्हता इतका वाटला. जपानी येतं म्हणून नाही, विनोद कळतात म्हणूनही नाही. या मुलीवर जुई जीव खाऊन कावळा सोडते. ही रडेल अशी भीती जुईला वाटत नाही.

“डाव मोडा,” विभा म्हणाली. “नव्याने मांडू. बुजगावणं पेटीत ठेवा, ते कुणीच घ्यायचं नाही.”

“मी निघू का?” अस्मिताने हळूच विचारलं.

“कुठे निघतेस? बस. पानं वाट.”

जुई जागची हलली नाही. “आई, तू रडशील.”

“रडेन. मग काय झालं? रडून झालं की खेळेन.”

पानं वाटली गेली. पहिले काही हात सगळेच चोरट्यासारखे खेळले. जुईने कावळा घेतला खरा, पण तो हातात आला तेव्हा कितीतरी वेळ नुसता धरून बसली. मग अलगद, आवाज न करता खाली ठेवला आणि आईच्या डोळ्यांकडे बघत राहिली. विभाने तण घेतलं, आपल्या टाकलेल्या पानांवर ठेवलं. “पुढे,” ती म्हणाली.

दुसरा कावळा जरा लवकर आला. जुईने पुन्हा आईकडे पाहिलं, पण थोडकंच. विभाच्या हातात आता पाचातली चार पानं तणाची होती. काही घेता येईना, काही लावता येईना. इतका भिकार हात तिला तीन वर्षांत आला नव्हता. अस्मिताने विभाच्या डोक्यावरून जुईला काहीतरी म्हटलं, दोघी फिस्सकन हसल्या, आणि विभाच्या पोटात दुखलंच. ते काही एका दुपारी जाण्यातलं नव्हतं. पण तिने चिकाटीने एक रोप लावलं, मग आणखी एक, आणि जुईला हवा असलेला आंबा बाजारातून तिच्या आधी उचलला.

“आईऽ! तो माझा होता!”

“नाव लिहिलं होतं का त्यावर?” विभा म्हणाली. “मला वाचता येत नाही.”

नरेंद्र हसला. जुई हसली नाही. तिने डोळे बारीक केले, आपले पत्ते वरखाली केले, खालचा ओठ दातांत धरला. मग कावळा असा आपटला, की विभाच्या कपातला चहा बशीत सांडला.

“तण घे,” ती म्हणाली. आईच्या तोंडाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिचा हात पुढचं पान ओढायला गेला होता.