द्वारकाबाईंच्या नावाचा किडा

रविवारची सकाळ होती. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कच्या कोपऱ्यावर उत्तनहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींकडे मी बोंबील घेत उभी होते, तेवढ्यात तबस्सुमचा फोन आला. तबस्सुम ही माझ्या नणंदेची, डॉ. प्रमिला साळवींची, म्हणजे आमच्या ताईंची, विद्यार्थिनी. त्याच आठवड्यात दोघी सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या जंगलात किड्यांच्या पाहणीसाठी गेल्या होत्या. "काकी, घरी आहात का? जरा बसून घ्या," एवढं बोलून ती थांबली... आणि तिच्या थांबण्यातच मला कळलं. ज्या घरी उतरल्या होत्या तिथल्या ओट्यावर ताई चहा पिऊन बूट घालायला बसल्या होत्या. एक बूट घातला, दुसरा हातातच राहिला. मी फोन ठेवला तेव्हा मावशी पिशवी पुढे करून माझ्याकडे बघत होत्या. "काय झाला? मोठ्या बाई बऱ्या हाय ना?" मी मान हलवली. "गेल्या." मावशींनी पिशवीतले बोंबील परत टोपलीत ओतले. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज तुमच्या घरात ह्ये न्हाय शिजायचा."

ताई सत्तरीला टेकल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी शेणकिड्यांचा अभ्यास केला. हे वाक्य मी आजवर अनेकांना सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी समोरच्याने आधी हसून मग चेहरा गंभीर केला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा साळवी मंडळी जवळच्याच पेणकरपाड्यात दोन खोल्यांत राहायची. सासूबाई, माझे यजमान सुधीर आणि ताई. मूळ गाव संगमेश्वरकडे. सासरे लवकर गेले, सासूबाईंनी शिवणकाम करून दोघांना शिकवलं. मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाक, शिवण, नोकरी असं ठरलेलं विचारलं. ताई तोवर पोहे खात होत्या. पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी एकच विचारलं, "तुला किड्यांची किळस येते का?" मी खरं सांगितलं, येते. "मग निदान चपलेने मारू नकोस. मला बोलाव," त्या म्हणाल्या. लग्न ठरलं. पुढे आम्ही मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये आलो, ताईही आमच्याबरोबरच राहिल्या. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

उपनगरातल्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून जंगलात. सह्याद्रीतली सदाहरित जंगलं, पुढे केरळ, एकदोनदा ईशान्येकडेही. त्यांचा प्रश्न साधा होता. इतक्या दाट जंगलात इतके प्राणी राहतात, त्यांची विष्ठा जाते कुठे? ती खाणारे, गोळे करून नेणारे, जमिनीखाली पुरणारे किडे किती प्रकारचे, आणि जंगल तुटलं की त्यातले कोण आधी नाहीसे होतात? यासाठी आमच्या घरातले श्रीखंडाचे रिकामे डबे जायचे. गणपती झाल्यावर एका वर्षी त्या मलाही बरोबर घेऊन गेल्या. डबे जमिनीत काठोकाठ पुरायचे, वर काडीला शेणाची पुरचुंडी टांगायची आणि दुसऱ्या दिवशी डब्यात काय पडलंय ते बघायचं. मी पायाला चिकटलेल्या जळवा काढत होते आणि ताई वाटेतल्या गव्याच्या शेणासमोर चक्क पोटावर झोपल्या होत्या. "ये इकडे. हा बघ, हा गोळा ढकलत नेतोय. हा दुसरा मात्र तिथेच खाली बोगदा खणतोय. दोघांचं कधी भांडण नाही." मी म्हटलं, "आणि हे नसतेच तर?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तर आपण आत्ता गुडघाभर शेणात उभ्या असतो."

त्याच जंगलातल्या एका डब्यात पुढच्या वर्षी त्यांना तो किडा मिळाला. काळा, मसुराच्या दाण्याएवढा, डोक्यावर शिंग नसलेला. कुठल्याच वर्णनाशी जुळेना. त्यांनी त्यावर बराच काळ घालवला, पुस्तकं धुंडाळली, परदेशातल्या जाणकारांना चित्रं पाठवली आणि अखेर नवी जात म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. ताईंनी आईचं नाव दिलं. सासूबाईंचं नाव द्वारका, त्याला लॅटिन वळण देऊन किड्याच्या नावाचा दुसरा शब्द झाला 'द्वारकी'. सासूबाईंना आधी नीट कळेना. "शेणातल्या किड्याला माझं नाव? दुसरं काही नाही मिळालं?" पण ताईंनी समजावलं, की हे नाव आता जगातल्या सगळ्या पुस्तकांत राहणार, माणसं गेली तरी. मग मात्र त्यांनी इमारतीत पेढे वाटले. सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी बायका जमायच्या. त्यात गुजराती, मारवाडी, मालवणी सगळ्या. त्यांना त्या आपल्या हिंदीत सांगायच्या, "मेरे नाम का कीडा है, जंगल में रहता है." कुणी नवीन राहायला आलं की पुन्हा पहिल्यापासून.

ताईंच्या नावावर ती एकच जात. त्यांच्या क्षेत्रात कुणी कुणी वीसवीस जातींची वर्णनं केलेली असतात, हे मला नंतर कळलं. ताईंना घाई नव्हती. कॉलेजात मात्र त्या एका किड्याने त्यांचं वजन वाढलं. भाषणात ओळख करून देताना तोच उल्लेख व्हायचा.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तबस्सुम त्यांच्याकडे पीएचडीला आली. नया नगरमध्ये राहणारी, वडिलांचं बुरख्यांचं दुकान. हुशार आणि चिकट, एक गोष्ट धरली की सोडायची नाही. एका दुपारी ताई कॉलेजात असताना ती घरी आली. सासूबाई आत झोपल्या होत्या. तबस्सुम स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. "काकी, एक गडबड झालीये. मॅडमचा जो किडा आहे ना... तो नवीन नाहीये." मी गॅस बंद केला. तिने हळूहळू सांगितलं. या किड्यांच्या काही जातींत नर दोन प्रकारचे असतात. भरपूर खाऊन वाढलेला मोठा, शिंगवाला. आणि कमी खायला मिळालेला लहान, बिनशिंगाचा. दोघं एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. ताईंचा किडा म्हणजे आधीच माहीत असलेल्या एका शिंगवाल्या जातीचा लहान नर होता. तिने जंगलातून दोन्ही आणून तपासले होते, पुन्हा पुन्हा तपासले होते. "मी मॅडमला कसं सांगू? माझी तर हिंमतच होत नाहीये. तुम्ही सांगा ना."

मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं? तूच सांग. फक्त सासूबाईंच्या समोर नको."

तिने दुसऱ्या दिवशी कॉलेजात सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, असं ती नंतर म्हणाली. फक्त नमुने ठेवून जायला सांगितलं. तो आठवडाभर ताई घरी उशिरा यायच्या, जेवायच्या आणि झोपायच्या. मग एका संध्याकाळी त्यांनी तबस्सुमला घरी बोलावलं, माझ्यासमोर म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. मी मोठे नर बघितलेच नव्हते. लिही आता." तबस्सुम म्हणाली, "मॅडम, आपण दोघींच्या नावाने लिहू." "शोध तुझा, तुझ्याच नावाने जाईल. चूक माझी आहे, तेवढं स्पष्ट लिही. गोलगोल नको."

खरा वाद त्यानंतर घरात झाला. सुधीर सहसा बहिणीपुढे आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "तुला थांबता येत नाही? आईचं वय काय, तब्येत काय? ती आहे तोवर राहू दे. कोण विचारायला येणार आहे?" कॉलेजातल्या सहकाऱ्यांनीही ताईंना हेच सुचवलं होतं, निवृत्ती जवळ आहे, कशाला? ताई शांतपणे चपातीचा तुकडा मोडत होत्या. म्हणाल्या, "सुध्या, ती पोरगी काय करणार तोवर? तिचं काम अडकवून ठेवू? आणि उद्या एखादा त्या जंगलात जाईल, माझं वाचून एकाच किड्याला दोन म्हणून मोजेल." "आणि आईला काय सांगशील?" यावर मात्र त्या ताट उचलून उठून गेल्या.

आईला त्यांनी सांगितलं ते बाल्कनीत, सकाळच्या उन्हात, केसांना तेल लावून देताना. मी आत तांदूळ निवडत होते, सगळं ऐकू येत होतं. "आई, तुझं नाव जाणार आता. तो किडा आधीच कुणाला तरी सापडलेला होता. मला ओळखता आला नाही." सासूबाईंनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग विचारलं, "मग त्याचं खरं नाव काय?" ताईंनी दोन शब्दांचं लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. सासूबाईंनी ते म्हणून बघितलं, अर्ध्यात अडखळल्या. "हे कसलं नाव! त्यापेक्षा माझं बरं होतं." ताई हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "मी बाकावर सगळ्यांना सांगून बसलेय. त्यांना आता काय सांगू?" ताई म्हणाल्या, "सांग, मुलीची चूक झाली." त्यानंतर दोन दिवस सासूबाई बाकावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या. मी भाजी घेऊन परतत होते, तेव्हा त्यांचा तो ठसक्यातला हिंदी आवाज कानावर आला, "मेरी बेटी की गलती हो गयी थी. दूसरा कोई होता तो छुपाता. उसने खुद छापने को बोला."

तबस्सुमचा लेख आला, तिला पदवी मिळाली आणि पुढे एका कॉलेजात नोकरीही. सासूबाई दोनेक वर्षांनी गेल्या. ताई निवृत्त झाल्या त्या कुठल्याही मोठ्या पदाशिवाय. त्यांना त्याची खंत होती का, मला सांगता येणार नाही. सुधीरशी त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. भाऊ-बहीण दोघंही तसेच. कॉलेजातली जागा सोडावी लागली तेव्हा सगळा संग्रह, टाचण्यांवर लावलेले हजारो किडे, त्या घरी घेऊन आल्या आणि आपल्या खोलीत बसून एकेकाची चिठ्ठी तपासत राहिल्या. मागच्या वर्षी तो संग्रह त्यांनी स्वतःच एका संस्थेला देऊन टाकला. पेट्या गाडीत चढवताना तबस्सुम रडली, ताईंनी तिला फक्त पेटी आडवी धरायला सांगितली. खोलीत टेबल, खुर्ची, पलंग एवढंच उरलं. जंगलात मात्र त्या जातच राहिल्या, शेवटच्या त्या सकाळपर्यंत.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या कॉलेजातले एक निवृत्त सहकारी भेटायला आले. बाहेरच्या खोलीत माणसं होती म्हणून आम्ही त्यांना ताईंच्या खोलीत बसवलं. उकाडा भयंकर. घाम पुसत ते उठले आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला. "नको, नको!" मी आणि सुधीर एकदमच ओरडलो. ते दचकून खाली बसले. त्या खोलीत इतकी वर्षं पंखा लागला नव्हता. टेबलावर केसाहून हलके पाय, पंख, मिशा पसरलेल्या असायच्या, जरा वारा लागला की महिन्याचं काम उडून जायचं. ताई आत असोत नसोत, दार उघडण्याआधी बाहेर हॉलमधला पंखाही बंद करायचा, हे घरात लहानथोर सगळ्यांना अंगवळणी पडलेलं. टेबल आता कधीचं मोकळं होतं. आम्ही दोघांनी टेबलाकडे बघितलं, मग एकमेकांकडे. सुधीर पाहुण्यांना म्हणाले, "माफ करा, लावा तुम्ही." पण त्यांनीही लावला नाही.

आता रोज दुपारी जेवण झालं की सुधीर पेपर घेऊन त्या खोलीत जाऊन बसतात. घामाने सदरा पाठीला चिकटतो. परवा मी म्हटलं, "अहो, पंखा तरी लावा." त्यांनी पान उलटलं, तेही हळूच, कागदाचा वारा होणार नाही असं. "राहू दे," म्हणाले. मी दार ओढून घेतलं, आणि बाहेर येऊन हॉलमधला पंखा पुन्हा सुरू केला.