म्हशीच्या औषधाचे चार थेंब

ये, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, पण जवळ. फोन केला की तुझं आपलं "मावशी, नंतर बोलते, भाजी करपतीय" आणि संपलं. माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती लेक तू, वारणानगर काय समुद्रापलीकडं आहे होय गं? आता गॅस बंद कर आणि हे नीट वाच. यातलं निम्मं तुला ठाऊक आहे. निम्मं मी तुझ्यापासून लपवलं.

आमचा तांबडा आणि तुझ्याकडची कुत्री एकाच वेताची. बोळाच्या तोंडाशी त्या भटक्या कुत्रीला चार पिल्लं झाली. दोन गाडीखाली गेली, एक तू पिशवीत घालून नेलीस, एक माझ्याकडं राहिला. गळ्याभोवतीची पांढरी पट्टी सोडली तर अंगानं पुरा गावठी. आणि गावठी कुत्र्याला काही होत नाही, हे तर मी जन्मभर सांगत आले. म्हशींना गोचीड झाले की डॉक्टर सुई टोचून जायचे. बाटलीत राहिलेलं औषध मी फळीवर ठेवून द्यायची आणि कुत्र्याच्या कानात गोचीड दिसले की भाकरीच्या तुकड्यावर चार थेंब टाकून घालायची. आधीच्या तिन्ही कुत्र्यांना असंच दिलं. तिन्ही म्हातारी होऊन मेली.

त्या दिवशी सकाळी तांबड्यालाही दिलं. संध्याकाळी त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. दिसत नसल्यासारखा म्हशीच्या खुंट्यावर जाऊन आदळला. तोंडातून लाळेची धार. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात माझ्या मांडीवर गेला. औषधाची मला आठवणसुद्धा झाली नाही. रोज पाणी पाजावं तसं ते. पाणी पाजलं हे कोण लक्षात ठेवतं?

आठवली ती शेजारीण. तिचं भडंग तू खाल्लंयस. नवरा गेल्यावर भडंग विकून, त्या एका कढईवर तिनं दोन पोरी उजवल्या. तांबडा तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर तंगडी वर करायचा. त्याच आठवड्यात ती सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी ओरडली होती, "आवर तुझं कुत्रं! न्हायतर एक दिवस औषध घालीन त्याला!" मीही ओरडले होते, "घालून तर बघ, कढई पालथी करीन तुझी!" आमची ही भांडणं वीस वर्षांची. तासाभरानं तिकडून वाटीभर भडंग यायचं, इकडून तांब्याभर दूध जायचं.

पण त्या दुपारी मी मेलेलं कुत्रं उचललं आणि तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.

"घातलंस न्हवं औषध? झालं समाधान?"

ती तेलकट हातानं बाहेर आली. "अगं, मी तोंडानं बोलते. हातानं करीन व्हय?"

"मग आभाळातनं पडलं काय?"

बोळ गोळा झाला, तशी मला जास्तच चेव आला. म्हटलं, "मुक्या जनावराला इख घालणारा हात हाय हा. आणि ह्याच हातचं तुम्ही समदी खाताय!"

एवढं एकच वाक्य. दुसऱ्या दिवसापासून भडंग न्यायला कोणी येईना. शाळेजवळचा दुकानदार पाकिटं परत देऊन गेला. भिंतीपलीकडून येणारा लसणाच्या फोडणीचा वास थांबला, आणि खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मग तुझा फोन आला. तुझी कुत्री कॉलनीतल्या पोरांना वळवून कोपऱ्यात गोळा करते, म्हणून लोक जात विचारायचे. तू हौसेनं तिच्या गालाच्या आतून काडी फिरवून डीएनए तपासायला पाठवलीस. मी चेष्टा केली होती, "भटक्या कुत्रीची पत्रिका काढतीस व्हय गं?" निम्म्याहून जास्त गावठी आणि बाकीची मेंढ्या वळणारी विलायती कॉली, असं तू हसत हसत वाचून दाखवलंस. मग म्हणालीस, "मावशी, खाली बारीक अक्षरात आणखी आहे. गोचिडाचं एक औषध असल्या कुत्र्यांच्या मेंदूत शिरतं. बाकीच्यांना सोसतं, हिला नाही सोसायचं. पाय लटपटतात, डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, भावंडांतही असू शकतं."

मी फोन कानाला लावूनच गोठ्यात गेले. फळीवरची बाटली काढली. इंग्रजी अक्षरं मी गाड्यांच्या नंबरप्लेटवरून शिकलेली. म्हटलं, "त्या औषधाचं नाव सांग, एकेक अक्षर." तू सांगत गेलीस, मी बाटलीवर बोट सरकवत गेले. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं.

"कशाला गं मावशी?"

"उगंच," म्हटलं मी.

तुला सांगायचा धीर झाला नाही. शेजारणीकडं जायलाही आठ दिवस लागले. गेले तेव्हा ती लुगडी बोचक्यात बांधत होती, गारगोटीला थोरल्या लेकीकडं निघालेली. मी सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल, चार शिव्या घालेल. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"कुत्र्याची तपासणी झाली तवा तुला कळलं. आणि माझी? वीस वर्सं भिंतीला भिंत लावून ऱ्हायले, ती तपासणी न्हवती व्हय?"

"बोळात घरोघर जाऊन सांगते मी."

"सांग की. औषध कुणी घातलं ते इसरतील. माझ्या हाताला इख चिकटलं, ते ध्यानात ऱ्हाईल."

तिचंच खरं झालं. मी दारोदार फिरले. सगळी म्हणाली, "असू दे मावशी, झालं ते झालं." भडंग पुन्हा घेऊ, असं एकीच्याही तोंडून आलं नाही. ती गेली. माझा फोन ती उचलत नाही.

तुझा उचलेल. तुझ्यावर तिचा राग नाही. तेव्हा तो रिपोर्ट घे, गाडी काढ आणि ये. आपण दोघी गारगोटीला जाऊ. तिच्या लेकीसमोर, जावयासमोर मला सांगायचं आहे की कुत्रं मी मारलं. एकटीनं त्या दारात उभं राहायला माझे पाय धजत नाहीत. तिनं दार उघडलं नाही तर नाही उघडलं. पण तू ये गं, लवकर ये.