आकडा मोठ्यानं सांगणारा

दौंडच्या रेल्वे कॉलनीजवळचा तो लॅबवाला माझ्या साखरेचा आकडा अख्ख्या गल्लीला ऐकवायचा. "पट्टीवर थेंब ठेवला की करंट निघतो, भाऊ. करंट खोटं बोलत न्हाई," हे ठरलेलं. मला त्याचा रागच यायचा.

परवा सात वर्षांच्या लेकीला नेलं. सारखी पाणी पीत होती, वाळत चालली होती. आकडा बघून त्यानं मशीन स्वतःकडं वळवलं. "बोटाला गोड लागलं आसंल," म्हणत त्यानं तिचं बोट साबणानं धुतलं, नवी पट्टी लावली. मग स्वतःच्याच बोटात सुई टोचली.

"एकशे दहा," तो पुटपुटला. "मशीन बरोबर हाय."

लेकीचा आकडा विचारला, तर मशीन खिशात टाकून त्यानं भरदुपारी शटर ओढलं.

"चला, दवाखान्यात मी बी येतो."