तिसऱ्या हाकेचे साडू

भुताखेतांची जेवढी बडदास्त माझ्या साडूंनी ठेवली आहे, तेवढी आमच्या सासुरवाडीने आम्हा दोन्ही जावयांची मिळूनही ठेवलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोणखेड्याच्या पुढे त्यांची केळी आहे, ऊस आहे, आणि अंगणातल्या चिंचेखाली एक जुनी उघडी जीप आहे, जिचं वय विचारलेलं तिला आवडत नाही असं ते सांगतात. दिवसा माणूस पक्का व्यवहारी. केळीचा भाव पाडायला आलेला व्यापारी त्यांच्याकडचा चहा पितो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि जाताना स्वतःच भाव वाढवून जातो. पण दिवेलागण झाली की हाच माणूस विहिरीकडे जाताना आधी खोकतो. का, तर काठावर कुणी पाय सोडून बसलं असेल तर ते दचकू नये. आपण भुतांना घाबरतो असं सगळेच सांगतात. भुतं आपल्याला घाबरत असतील याची काळजी वाहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काळोखातून नावाने हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे आमच्याकडे प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं असतं. भुताला दोनदाच हाक मारता येते, तिसरी मारतो तो जिवंत माणूस. बाकीचे लोक मोठे झाले आणि हे विसरले. साडूंनी मात्र हा नियम नुसता पाळला नाही, तो भर उन्हातही लागू केला. माझी मेव्हणी त्यांना ‘अहो अहो अहो’ असं एका दमात बोलावते. नव्या माणसाला वाटतं, घरात आग लागली. त्यांचा फोन पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा नुसता वाजतो. बँकेत त्यांचं नाव पुकारून शिपाई पुढे निघून जातो आणि हे शांतपणे बाकावर बसून राहतात. त्यांची मुलगी झाली तेव्हा नर्सने बाहेर येऊन दोनदा नाव पुकारलं, आणि ओ आली नाही म्हणून ती बाळ घेऊन परत आत गेली. सासूबाईंनी तेव्हा जावयाला जो कोपर मारला, त्याची कळ पावसाळ्यात अजून उठते म्हणतात. मी या सगळ्याला वर्षानुवर्षं हसत आलो, आणि खरं सांगायचं तर हसायला मिळावं म्हणूनच त्यांच्याबरोबर फिरत आलो.

दर हिवाळ्यात जीप घेऊन सातपुड्यात चढायचं, वाट संपेल तिथवर जायचं आणि एक रात्र तिथे तंबू ठोकून राहायचं, हा साडूंचा नेम. बरोबर मी आणि खांडबाऱ्याचा एक मास्तर. हा मास्तर मुळात आमच्याच भागातला, साडूंचा शाळेपासूनचा दोस्त, आणि भुतांच्या बाबतीत कट्टर नास्तिक. तापीकाठचा सपाट मुलूख मागे पडून पहिला घाट लागला की साडू जीप थांबवतात आणि आमची बारशी करतात. डोंगरात खरं नाव उच्चारायचं नाही, ऐकणारे ते लक्षात ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून माझं नाव घमेलं. मास्तरच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तो चाळणी. स्वतः साडू जॅक. ‘घमेल्या, मीठ द्या’ असं मला आदरार्थी बहुवचनात सांगितलं जातं. एकदा रागाच्या भरात मास्तरने साडूंना खऱ्या नावाने हाक मारली, तर साडूंनी त्याला गाडीतून उतरवून पुढच्या वळणापर्यंत चालवलं होतं.

वळणावर ते हॉर्न वाजवतात, पण हलकेच, दोन बोटांनी, आणि वाजवून थांबतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, “कोनी बठेल व्हई ते त्याले उठाले येळ नको का?” मग पुढचं चाक दगडावर चढवताना, फोरव्हीलचा दांडा ओढताना, नाल्यातल्या गोट्यांवरून जीप एका अंगावर कलती होत असताना त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नसतो. सगळी भीती त्यांनी वळणांसाठी राखून ठेवलेली. जेवणाच्या वेळी पहिली पत्रावळ रानाची. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांदा, आणि पाण्याची बाटली बूच काढून. ती उजेडाच्या बाहेर ठेवून यायची आणि वळून बघायचं नाही. मागच्या वर्षी सकाळी ती पत्रावळ स्वच्छ रिकामी सापडली, फक्त भरितातल्या हिरव्या मिरच्या तेवढ्या काढून एका कडेला ओळीने ठेवलेल्या होत्या. मास्तर म्हणाला, उदमांजर असेल. साडूंनी मिरच्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की त्याला पित्ताचा त्रास दिसतोय, पुढच्या वर्षी भरीत बेतानेच तिखट करू. मी हसलो खरा, पण त्या ओळीत लावलेल्या मिरच्या मला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिल्या.

यंदा आम्ही गेलो तेव्हा अवकाळी पाऊस नुकताच पडून गेला होता. तोरणमाळच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून एक कच्ची वाट सागाच्या रानात शिरते, तिने आम्ही वर चढलो. माती भिजून लोण्यासारखी झाली होती. मी आणि मास्तर पुढे चालून दगड बाजूला करत होतो, मागून जीप कण्हत येत होती. मधेच माझ्या ध्यानात आलं की रानात किडाही वाजत नाही. साडूंनी वळणावर हॉर्न वाजवला. त्याचा पडसाद समोरच्या डोंगरावरून यायला हवा तेव्हा आला नाही, आणि आम्ही पुढे सरकलो तेव्हा तो मागून आला. मास्तरने डोंगरांच्या कोनांबद्दल काहीतरी समजावून सांगितलं. साडूंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वळणावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

वर एका सपाट माळावर तंबू ठोकला. खालच्या दरीत कुणीतरी लाकूड तोडत होतं. कुऱ्हाडीचा घाव, मग थोडी उसंत, मग घाव. अंधार पडला तरी ते थांबलं नाही. त्या बाजूला पाडा नाही, वस्ती नाही, एक दिवा नाही. मास्तर म्हणाला, सरपण लागतंच लोकांना. पण जेवताना तो दरीकडे पाठ करून बसला नाही, हे मी पाहिलं. साडूंनी कमी तिखटाची पत्रावळ ठेवली, आणि आम्ही शेकोटीत मोठे ओंडके सरकवून तंबूत शिरलो. झोप लागेपर्यंत मला तो घाव ऐकू येत होता, आणि प्रत्येक घाव मागच्यापेक्षा जवळचा वाटत होता.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं, पण दिसत काही नव्हतं. धुकं एवढं दाट की जीपच्या पुढच्या अंगाला उभं राहिलं तर मागचं चाक दिसेना. मास्तर तंबूत नव्हता. लोटा घेऊन गेला असणार. साडू शेकोटीपाशी चहाचं पातेलं ठेवून उकिडवे बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. पत्रावळ जशीच्या तशी होती. बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नव्हतं. आज कुणी जेवलं नाही, असं ते घरात पाहुणा उपाशी झोपल्यासारखं म्हणाले. मी काहीतरी थट्टा करणार होतो, आणि तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

हाक साडूंच्या नावाची होती. कागदावरच्या नावाची नाही, घरातल्या लाडक्या नावाची. ते आम्हा नातेवाइकांना माहीत आहे, मास्तरच्याही कधीतरी कानावर पडलं असेल. इथे ते मी लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. हाक एकदाच आली, स्पष्ट आली. आणि मी, विज्ञानाची पदवी घेतलेला, आयुष्यभर या नियमाची टर उडवणारा माणूस, जागच्या जागी बसून दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागलो.

साडूंनी वाट पाहिली नाही. पातेलं लवंडलं, चहा निखाऱ्यांवर सांडला, आणि ‘ओ’ म्हणत ते धुक्यात शिरले. ती ओ मी विसरणार नाही; इतके दिवस पोटात दाबून धरलेलं काहीतरी तिच्यातून बाहेर आलं. मी मागे धावलो. माळाच्या कडेला भिजलेली माती खचली होती आणि खाली मास्तर करवंदीच्या जाळीला धरून लोंबकळत होता. एक पाय दगडात अडकलेला, दुसऱ्याखाली काही नाही. करवंदीची मुळं मातीतून सुटत चालली होती, ती डोळ्यांना दिसत होती. साडू पोटावर पालथे पडले, त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि मला जीपचा दोर आणायला सांगितलं. दोर आला, मास्तर वर आला, आणि तो गवतावर पडल्याबरोबर त्या जाळीने दरीत उडी घेतली. खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

घोंगडीत गुंडाळून, गूळ घातलेला नवा चहा पाजल्यावर मास्तरच्या घशातून शब्द फुटू लागले. मी त्याला म्हणालो, बरं झालं हाक मारलीस.

“मी हाकच नही मारी,” तो म्हणाला. छाती दगडावर आपटली तेव्हा त्याचा आवाज बसला होता. ओरडायला तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली, आणि आता आपण संपलो असं वाटत असताना त्याला साडूंची ओ ऐकू आली. मास्तर घाबरला होता, चुकत असेल, असं मी अजूनही म्हणतो. माणसाला अशा वेळी आपण ओरडलो की नाही हेही कळत नसेल. पण त्याचा बसलेला आवाज मी ऐकला होता, आणि धुक्यातून आलेली हाक बसलेल्या आवाजाची नव्हती.

मास्तरला जीपमध्ये निजवून आम्ही दोघं तंबू आवरत होतो, तेव्हा साडू दोर गुंडाळता गुंडाळता बोलू लागले, माझ्याकडे न पाहता. त्यांना एक मोठा भाऊ होता, हे मला माहीत होतं. तो तरुणपणीच पान लागून गेला, म्हणजे साप चावून, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. शेताच्या पंपाला वीज रात्रीचीच यायची, त्या लाइटवर भाऊ केळीला पाणी भरायला गेला होता आणि लहानगे साडू शेतातल्या झोपडीत आजोबांजवळ निजले होते. आजोबा गाढ झोपेत. केळीतून हाक आली, त्याच लाडक्या नावाने.

“दोन येळ हाक मारी,” साडू म्हणाले. “मी तिसरीनी वाट देखत बसनू. तिसरी उनीच नही.”

सकाळी भाऊ बांधावर सापडला. घरातल्या सगळ्यांनी लेकराला जवळ घेऊन सांगितलं, तो आवाज भावाचा नव्हताच, तो त्याचा होता जो दोनदाच हाक मारतो. तू ओ दिली नाहीस म्हणून तू तरी वाचलास. प्रेमाने सांगितलं, आणि त्याने ते धरून ठेवलं. मला माझ्या साडूंची सगळी भुतं त्या क्षणी कळली. ती खरी असली तर त्या लेकराने केलं ते बरोबर होतं. ती खोटी असली तर केळीतून हाक मारणारा भाऊ होता. विहिरीवरचं खोकणं, वळणावरचा हॉर्न, बूच काढून ठेवलेली बाटली, हे सगळं ज्या साक्षीदारांच्या शब्दावर त्यांची मान सुटायची होती, त्यांची मर्जी राखणं होतं. इतकी वर्षं हसलो याची मला लाज वाटली, आणि ते इतकी वर्षं एकटे होते याचं फार वाईट वाटलं.

दोराची गुंडाळी पुरी झाली तरी ते ती हातातच फिरवत होते. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“हाक तुमले बी ऐकाले उनी ना?”

मी हो म्हणालो.

“आवाज रागमा व्हता का?”

ती हाक कुणाची होती हे मला आजही सांगता येणार नाही. मास्तरची असेल, आणखी कुणाची असेल, कुणाचीच नसेल. पण त्यांनी विचारलेल्या एवढ्या एकाच गोष्टीबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, आणि धीर देण्यासाठी मला खोटं बोलावं लागलं नाही.

“नही, साडूभाऊ,” मी म्हणालो. “लहाना भाऊले खेयता खेयता घर बलावतस ना, तसा व्हता.”

त्यांनी मान हलवली. दोर जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि धुकं उतरत चाललेल्या दरीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तरला दवाखान्यात न्यायचं होतं, उन्हं चढत होती, घाट अजून पुढेच होता. तरी बराच वेळ मी त्यांना हाक मारली नाही.